निरोप जसा दिला तसा

अण्णा,

मी अमेरिकेत आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही. दुष्काळात रेशनवर तो तांबडा मिलो आला होता, दळताना तुम्ही शिव्या घालायचात की हे धान्य आहे का विटांचा चुरा, तो ज्या देशातून आला त्या देशात मी आता सहा वर्षं आहे. आक्काने बोलावून घेतलं. तुम्ही हट्टाने मिरजेला नर्सिंगला घातलेली आपली आक्का. ती इथे श्रूजबरी नावाच्या गावात राहते, हॉस्पिटलात नोकरी करते, बर्फातनं स्वतः गाडी चालवते. मी तिच्या घराच्या तळघरात राहतो. तळघर म्हणजे वाईट समजू नका, आपल्या गिरणीपेक्षा मोठं आहे आणि कोरडं आहे. तुम्ही गेलात आणि मी आठवीतून उठलो. वर्षभर गिरणी चालवली, मग मामाने ती विकली, मग ट्रकवर क्लीनर, सोलापुरात हॉटेल, पुण्यात लेथ मशीन. कुठंच बूड टिकलं नाही. तुम्ही म्हणायचात, याला तव्यावर बसवलंय जन्मताच. पण इथे एका जागी चार वर्षं टिकलो. आणि का टिकलो ते सांगायचं तर एका पोरीची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगितली की मग एक निरोप द्यायचाय. आईने तुमच्यासाठी माझ्याजवळ दिलेला. बारा-तेरा वर्षं झाली, माझ्याकडेच पडून आहे.

माझी नोकरी इथल्या एका कॉलेजच्या इमारतीत आहे. झाडलोट, दिवे, हीटर, खुर्च्या, कुलपं. तिसऱ्या मजल्यावर एक बाई आहेत, साठीच्या आसपास, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पायात कायम कापडी बूट. विद्यार्थी त्यांना सरळ नावाने हाक मारतात. माझ्या तोंडातून ते निघत नाही. समोर मी ‘डॉक्टर’ म्हणतो आणि मनात नुसतं ‘बाई’, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. बाई माणसाच्या मनाचा अभ्यास करतात, त्यातही बारा ते अठरा वयाच्या पोरांचा. कुणाचं पोर बिनसलं, शाळा बुडवतंय, जेवत नाही, पळून जातंय, की शाळावाले त्या घराला बाईंकडे धाडतात. आईबाप पोराला पुढं करतात, हे घ्या, नीट करून द्या, जसं काही बिघडलेली मोटर आणलीय. बाई म्हणतात, सगळे बसा. एकट्या पोराला त्या कधी बघत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की त्या वयातल्या पोराला एकच काम असतं, घरातनं थोडंथोडं बाहेर सरकत स्वतःचा माणूस होणं. ते काम अडलं असेल तर बहुतेक वेळा त्याच्या डोक्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी ओझं असतं, आणि ते उतरल्याशिवाय पाय पुढं पडत नाही. हे मी माझ्या भाषेत सांगतोय. त्यांची पुस्तकं जाड आहेत.

त्यांची एक खोली आहे. तिच्या एका भिंतीला मोठा आरसा. आतून बघितलं तर आरसा, आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून बघितलं तर साधी काच. पलीकडे त्यांचे दोन विद्यार्थी बसतात, बाई कधी तिथे, कधी आत घरच्यांबरोबर, कॅमेऱ्याने सगळं व्हिडिओ कॅसेटवर उतरतं. घरच्यांना हे आधी सांगितलेलं असतं, त्यांच्या सह्या घेतलेल्या असतात, चोरून काही नाही. मी नवा होतो तेव्हा पहिल्याच शनिवारी ती खोली झक्क लावली. सहा खुर्च्या गोलात, मध्ये टेबल, टेबलावर नाक पुसायचे कागद. वाटलं शाबासकी मिळणार. बाई आल्या, बघितलं. ‘हे कुणी केलं?’ म्हटलं, ‘मी.’ ‘यापुढे करू नकोस. सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवायच्या. लोक येतात आणि आपापली ओढून घेतात. कोण कुणाच्या शेजारी लावतो, कुणाकडे पाठ करतो, मध्ये कुणाला बसवतात, अर्धी गोष्ट त्यात असते. ती तू माझ्यासाठी पुसून ठेवलीस.’ आवाज चढवला नाही, पण मला तुमची आठवण झाली. तुम्हीही रागावताना हळू बोलायचात. एवढ्या गिरणीच्या आवाजात हळू, म्हणजे ओठ वाचावे लागायचे.

मागच्या हिवाळ्यात एक मराठी घर आलं. वडील मोठ्या कंप्युटर कंपनीत इंजिनियर, आई एका लायब्ररीत कामाला, मूळचे पुण्याचे, आणि एकुलती पंधरा वर्षांची मुलगी, जन्म इथलाच. मुलीचं असं झालं होतं की ती घरात बोलायची बंद झाली होती. शाळेत बोलते, मैत्रिणींशी फोनवर तासतास हसते, आणि घराचं दार लागलं की तोंडाला कुलूप. चार महिने. शाळेने बाईंकडे पाठवलं. पहिल्या दिवशी मी काचेमागे वायर बदलत होतो म्हणून बघितलं. मुलीने खुर्ची ओढली आणि खिडकीपाशी नेऊन टाकली. आईने आपली खुर्ची तिच्या उजवीकडे आणली, वडिलांनी डावीकडे. तिने ती पुन्हा सरकवली, दोघं पुन्हा दोन्ही बाजूंना. बाईंच्या पेन्सिलीचा आवाज मला ऐकू येत होता.

बाईंची अडचण अशी की त्या खोलीत असेपर्यंत ते तिघं इंग्रजीत सभ्य बसत. बाई मुद्दाम दहा मिनिटं बाहेर जायच्या, तेवढ्यात मराठी सुरू. ते कुणाला कळावं? मग बाईंना आठवलं की खालच्या मजल्यावरचा तो खुर्च्यावाला त्यांच्याच मुलखातला. त्यांनी त्या लोकांची परवानगी मागितली, आणि मला वर बोलावलं. इंजिनियरसाहेबांनी मला खालून वर बघितलं.

‘कुठले तुम्ही?’

‘कराडजवळचा.’

‘आणि इथे काय, मास्टर्स करताय का?’

‘नाही. मेंटेनन्सला आहे. शिक्षण सातवी पास.’

‘आपल्या मंडळात वगैरे येता? गणपतीला?’

‘नाही साहेब. आक्का जाते कधीतरी. मी जात नाही.’

‘मग हरकत नाही,’ ते बाईंना इंग्रजीत म्हणाले, ‘हा आमच्या लोकांत मिसळत नाही.’ त्यांच्या बायकोने मान खाली घातली. मुलगी मात्र माझ्याकडे बघून जरा हसली, हसली म्हणजे नाकातून हवा सोडली. मला राग आला नाही असं नाही. पण मी ठरवलं, हे काम मी असं करीन की सातवी पास कुणाला आठवणार नाही. सही केली. इथलं कुणाला सांगायचं नाही अशी ती सही आहे. तुम्हाला सांगतोय, नाव-गाव काही घेत नाही, आणि तुम्ही कुठं जाऊन बोलणार? हे पत्र मुळात माझ्या कपड्यांच्या पेटीच्या बाहेर जायचं नाही.

दर मंगळवारी दुपारी मी आणि बाई कॅसेट लावून बसायचो. थोडी पुढं, थांबव, मी सांगायचो, त्यांचा विद्यार्थी टाइप करायचा. माझं इंग्रजी कामापुरतं, पण बाईंना ते चालायचं. चार मंगळवार झाले. वडिलांनी मुलीचं जूनमधलं पुण्याचं तिकीट काढलं होतं. शाळा संपली की तिला आत्याकडे ठेवायचं, तिथेच कॉलेजात घालायचं, ‘सरळ होईल’. त्यावरून आईवडिलांचं चाललं होतं. मी सांगितलं तसं कागदावर उतरलं: आई वडिलांना विचारते, तिकीट कुणाला विचारून काढलं. वडील आईला सांगतात, माझं घर आहे, मला विचारायची गरज नाही. आई म्हणते, तिला तिथे करमणार नाही. वडील म्हणतात, इथे तरी कुठं करमतंय. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, भांडतात, पण एकमेकांशी बोलतात तरी. म्हणजे मुलीचं मौन हे तिचं स्वतःचंच काहीतरी आहे. शाळेला त्या कळवणार होत्या की घरातले सगळे तयार असतील तर जागा बदलून बघायला हरकत दिसत नाही. त्यांच्या एका कागदावर त्या पोरीचं सगळं अडकलं होतं.

पाचव्या मंगळवारी बाईंनी टेप मध्येच थांबवली. ‘हे दोघं एकमेकांशी बोलतात, पण बघतात मुलीकडे. सगळा वेळ. का?’

आणि अण्णा, मी पटकन म्हणालो, ‘आमच्याकडे बायको नवऱ्याच्या डोळ्यात बघून बोलत नाही. मान असतो तो.’ विद्यार्थ्याने ते टाइप केलं. ‘संस्कृती’ असा एक शब्द वर लिहून त्याखाली. मी खाली आलो, फडका घेतला, आणि जिना पुसता पुसता मला घाम फुटला.

कारण त्या टेपवर मुलीची आई काय म्हणत होती? ‘विचार तुझ्या बाबांना, तिकीट कुणाला विचारून काढलं.’ आणि साहेब म्हणत होते, ‘सांग तिला, माझं घर आहे.’ ‘त्यांना म्हणावं, तिला तिथे करमणार नाही.’ ‘तिला सांग, इथे तरी कुठं करमतंय.’ तिघं हाताच्या अंतरावर, आणि एक वाक्य सरळ जात नव्हतं. सगळी त्या पोरीच्या डोक्यावरून, ती खिडकीबाहेर बघत बसलेली. आणि मी काय केलं, ते ‘सांग’ आणि ते ‘विचार’ सोडूनच दिलं. मुद्दाम नाही, आईशपथ. ते मला ऐकूच आलं नाही. जसा गिरणीत राहणाऱ्याला पट्ट्याचा आवाज ऐकू येत नाही. मला वाटत होतं, नवरा-बायको बोलतात ते असंच.

आपल्या घरात असंच होतं ना. ‘सांग तिला, चटणीत मीठ नाही.’ ‘त्यास्नी म्हणावं, मीठ आणलं तर घालीन.’ मी सहा वर्षांचा असल्यापासून. आक्काला मिरजेला घातलंत त्या दिवसापासून. आईला नको होतं, परक्यांचं हगणंमुतणं काढायला पोरगी धाडायची नाही म्हणत होती. तुम्ही तिला न विचारता फॉर्म भरलात, आक्काला एस.टी.त बसवून आलात, आणि घरी येऊन सांगितलंत, गेली. त्या दिवसानंतर आई तुमच्याशी थेट बोलली नाही, आणि तुम्हीही नाही. आक्का तिकडे हॉस्टेलला, राहिलो मी. एकाच चुलीपुढं तुम्ही दोघं पाट टाकून बसायचात, आणि मी मध्ये भाकरी खात मान डावीउजवीकडे फिरवायचो. दुपारी जेवणाचा डबा गिरणीवर नेताना डब्याबरोबर आईचा निरोप, येताना रिकाम्या डब्याबरोबर तुमचा. शाळेत मास्तर म्हणायचे, याचं लक्ष कुठं असतं? माझं लक्ष निरोपात असायचं, विसरू नये म्हणून.

आणि एकदा मी त्यात भर घातली. तेरा वर्षांचा असेन. आईची पाठ धरली होती, आणि डबा परत देताना मी सांगितलं, ‘अण्णा विचारत होते, पाठ कशी हाय?’ तुम्ही काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डब्यात गुळाची पोळी निघाली, सण नाही, वार नाही. तुम्ही पोळी हातात धरून माझ्याकडे बघितलंत. मोटर बंद केलीत. ती दिवसाउजेडी बंद केलेली मी तेव्हाच बघितली. दळणाला आलेल्या बायका बघायला लागल्या. ‘काय सांगितलंस घरी?’ मी सांगितलं. वाटलं होतं तोंडात बसेल. तुम्ही हळूच म्हणालात, ‘इथं ज्वारीवर ज्वारी टाकतो, गव्हावर गहू. ज्याचं दळण त्याच्या डब्यात. तुझ्या हाताला दुसऱ्याचं पीठ लागलं तरी झटकायचं, वर आपलं टाकायचं नाही. निरोप जसा दिला तसा द्यायचा.’ आणि मोटर पुन्हा चालू केलीत. पोळी मात्र खाल्लीत. सगळी.

जिन्यात मला तेच ऐकू आलं. मी बाईंच्या डब्यात माझ्या घरचं पीठ टाकलं होतं, आणि वर विचारल्यावर ‘मान’ म्हणून आणखी एक मूठ. तरी एक आठवडा मी गप्प बसलो. का? तर वरच्या मजल्यावर कुणीतरी मला विचारतंय, माझं ऐकून कागदावर उतरवतंय, हे सुटेल म्हणून. मग पुढच्या सोमवारी बाई मला जिन्यात म्हणाल्या, शाळेचं पत्र आज पूर्ण करते. मी फडका तिथेच टाकला आणि म्हणालो, ‘डॉक्टर, करू नका. मी चुकीचं सांगितलं.’ जिन्यातच सगळं सांगितलं, जसं जमेल तसं. त्यांनी चष्मा काढला.

‘प्रत्येक वाक्यात?’

‘जवळजवळ प्रत्येक.’

‘आणि तुला ते सांगावंसं वाटलं नाही?’

‘मला वाटलं सगळे असंच बोलतात. आमच्या घरी मीच होतो तिच्या जागी.’

बाई पायरीवर बसल्या, कापडी बुटांसकट, माझ्या ओल्या जिन्यात. मला वाटलं आता नोकरी गेली. त्या म्हणाल्या, ‘पाच आठवडे मी तीन खुर्च्या बघतेय आणि मलाही दिसलं नाही. तुझी चूक तू सांगितलीस, माझी मी पत्रात लिहीन.’ मी म्हटलं, मला सगळ्या कॅसेट परत द्या. आता घाई करत सांगणार नाही, लिहून आणतो. पुढच्या तीन रविवारी मी त्या इमारतीत बसलो, बाईंचा विद्यार्थी दार उघडून द्यायचा. आधी मराठीत शब्द न् शब्द, मग डिक्शनरी घेऊन इंग्रजीत. बोटं दुखली. आठवीतून उठल्यापासून एवढं लिहिलं नव्हतं. ‘सांग तिला.’ ‘विचार त्यांना.’ प्रत्येक वेळी लिहिलं, एक सोडलं नाही. मी मोजले नाहीत, पण तिसऱ्या पानावर मला रडू यायला लागलं आणि सातव्यावर राग. कुणावर ते विचारू नका.

मग बाईंनी एक केलं. पुढच्या शनिवारी त्यांनी मुलीला विचारलं, तू आज माझ्याबरोबर काचेमागे बसशील का? आईवडिलांनाही सांगितलं, ती तिकडे आहे, तिला सगळं ऐकू येईल. मला शेजारी बसवलं, त्यांच्या कानात सांगायला. आत दोन माणसं आणि भिंतीला लागलेल्या चार रिकाम्या खुर्च्या. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, आरशात बघून केस सारखे केले, म्हणजे आमच्याकडेच बघून. मुलगी पुटपुटली, ‘ओह गॉड, डॅड.’ पंधरा मिनिटं. आईने पर्स उघडली, बंद केली, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

‘गाडीचा हीटर चालत नाहीये.’

साहेब इकडेतिकडे बघायला लागले. मध्ये कुणी नव्हतं.

‘कधीपासून?’

‘तीन आठवडे.’

‘तीन आठवडे! आणि या बर्फात ड्राइव्ह करतेस? मला सांगायचं नाही?’

आई आता वळली. ‘कुणाकडून सांगू? सांगणारी बोलत नाही ना.’

मी ते बाईंच्या कानात सांगितलं, जसं म्हणाली तसं. बाई काही लिहीत नव्हत्या. आणि माझ्या दुसऱ्या बाजूला ती पोरगी हसायला लागली, तोंडावर हात दाबून, मग ते हसणं राहिलं नाही. बाईंनी माझ्यामागून तिच्या पाठीवर हात ठेवला. आत साहेबांनी कितीतरी वेळ मान हलवली, आणि मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, ओढली नाही, आवाज न करता उचलली, आणि बायकोच्या समोर ठेवली. ‘आज गॅरेजला टाकतो,’ म्हणाले. ‘आणि तिकिटाचं?’ त्यांनीच विचारलं. ती म्हणाली, ‘तुम्ही मला न विचारता काढलंत. मी तुम्हाला सरळ सांगते, कॅन्सल करा.’

मुलीने बाहीने तोंड पुसलं आणि मला मराठीत विचारलं, तिचं ते गोल गोल मराठी, ‘काका, तुमच्या घरी पण असं होतं?’ मी जिन्यात सांगितलेलं बाईंनी तिला सांगितलं नव्हतं, तिने ओळखलं. मी म्हटलं, हो. ‘मग तुम्ही कसं थांबवलं?’ मी म्हटलं, ‘मी नाही थांबवलं. वडील वारले.’ ‘दॅट्स नॉट स्टॉपिंग,’ ती म्हणाली. पंधरा वर्षांची आहे, अण्णा.

तिकीट कॅन्सल झालं. जुलैत तिघं मिळून तीन आठवड्यांसाठी जाऊन आले. मुलगी घरात किती बोलते मला माहीत नाही, कारण नंतरच्या कॅसेट बाईंना माझ्याशिवाय समजतात. बाई असतानाही ती आता मोठमोठ्याने इंग्रजीत भांडते, आणि आईवडील तिच्या खुर्चीपासून लांब, शेजारी शेजारी बसून ऐकतात. म्हणजे मंगळवारी दुपारी माझं वर काम नाही. पहिल्या मंगळवारी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्याच वेळेला शाळेत नाव घातलं. मोठ्या माणसांची असते इथे, आठवीतून उठलेल्यांना बारावीची परीक्षा देता येते. गणित आहेच, निबंधही आहे. यावेळी उठणार नाही.

आणि आता तो निरोप.

तुम्ही गेलात त्याच्या आठ दिवस आधीचा. आईने डबा बांधला, गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. मग म्हणाली, ‘त्यास्नी म्हणावं, सांजच्याला जरा लौकर या. मला बोलायचं हाय.’ कुणाकडून नाही, मला. मी डबा घेऊन आलो, तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही पिठाने पांढऱ्या भुवया वर केल्यात, म्हणजे काय निरोप? मी मान हलवली, काही नाही. त्या संध्याकाळी तुम्ही रोजच्या वेळेला आलात. आईने दोन पाट शेजारी मांडले होते. तिने तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि एक पाट उचलून पुन्हा समोरच्या भिंतीला लावला. तिला आजपर्यंत वाटतंय की तुम्हाला निरोप मिळाला होता आणि तुम्ही आला नाहीत. आठ दिवस मी रोज ठरवत होतो, आज सांगतो. नवव्या दिवशी गिरणीतून माणूस बोलवायला आला.

आईला हे पत्राने कळवता येणार नाही. तिला वाचता येत नाही. शेजारची सून वाचून दाखवणार, म्हणजे पुन्हा मध्ये कुणीतरी आलं. म्हणून मी डिसेंबरात जातोय. तिच्यासमोर पाट टाकून बसणार आणि सांगणार की ते आले नाहीत असं नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि तो कुणी मी. तिला जे म्हणायचं ते ती मला तोंडावर म्हणेल. आक्का म्हणाली, एवढ्या वर्षांनी कशाला उकरतोस? मी म्हटलं, डबा माझ्याकडे आहे, परत द्यायला नको?

तुम्हाला मात्र इथेच देतो. आईने सांगितलंय, संध्याकाळी जरा लवकर या, मला बोलायचं आहे. वर काही घातलेलं नाही.

एक फक्त राहिलं. आक्काला, बाईंना, त्या पोरीला मी जे सांगितलं नाही, आणि इतकी वर्षं स्वतःलाही जे दुसरंच सांगत आलो, की गिरणीच्या आवाजात राहून गेलं, पोरवय होतं, विसरलो. तुम्ही दोघं बोलायला लागलात तर घरात मला काय काम उरणार, असं मला डबा ठेवताना वाटलं. मी विसरलो नव्हतो, अण्णा.